बिजागरीचा हातचा

वजनबाईचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि पगार तिला त्याचाच मिळत होता. विमानं बनवणाऱ्या कंपनीत कुणी पंखाचं बघतो, कुणी चाकांचं, कुणी खुर्च्यांचं. हिच्याकडे असं हातात धरण्यासारखं काहीच नव्हतं. हिच्याकडे होती फक्त बेरीज. प्रत्येकाने आपापल्या वस्तूचं वजन हिला द्यायचं, हिने ते मांडायचं आणि सगळं मिळून विमान किती जड होणार ते वरच्यांना सांगायचं. ऐकायला किती सोपं! पण लोक खरं वजन सांगतील तर शपथ.

आता ती माणसं काही खोटारडी नव्हती. सज्जन होती बिचारी, घरी जाताना एकमेकांना लिफ्ट देणारी. पण पुढेमागे आपली वस्तू जड झाली तर चारचौघांत नाक कापलं जायला नको, म्हणून आधीच थोडं वाढवून सांगून ठेवायचं, ही तिथली रीत. शाळेत बेरीज करताना हातचा धरतात, तसा हाही हातचाच. आधी कागदावर फुगवलेला आकडा द्यायचा. मग वजनबाई टेबलापाशी येऊन बसणार, घासाघीस होणार, रडगाणी होणार, आणि शेवटी तोंडी जे ठरेल ते ती चढवणार. कागदावरच्या पहिल्या आकड्याला कुणीच भीक घालत नसे, थोरलेसुद्धा नाहीत. थोरले म्हणजे त्या विमानाचे मुख्य रचनाकार. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवायचं.

कोण किती हातचा ठेवतो हे वजनबाईला तोंडपाठ होतं. चाकवाला बोलताना कान खाजवायला लागला की समजायचं, अजून बरंच आहे. खुर्चीवाला चहा मागवायला लागला की संपत आलं. लोक तिला गमतीने म्हणायचे, बाई, तुमच्याशी बोलायचं तर उपाशीपोटी यावं, नाहीतर जेवणाचंही वजन कापाल. ती हसायची आणि त्यांचं वजन कापायची.

आणि या वेळचं विमान तिला मनापासून हवं होतं. जुन्या विमानापेक्षा एक तृतीयांश कमी इंधन जाळायचं आणि धूरही तेवढाच कमी सोडायचा, असं त्याच्याकडून मागणं होतं. त्यासाठी पंख चांगले लांबलचक आणि सडपातळ केले होते, कारण असा पंख हवेतून कमी ताकदीत पुढे जातो. पण एवढे पंख पसरून विमानतळावर उभं कुठे राहायचं? तिथल्या जागा जुन्याच मापाच्या. म्हणून जमिनीवर उतरल्यावर पंखांची टोकं वर दुमडायची, आणि दुमडण्याच्या जागी भक्कम बिजागरी बसवायची. हे सगळं छान होतं, फक्त वजनाने घात करायला नको होता. एक किलो वाढला की तो उचलायला इंधन लागतं, ते इंधन उचलायला आणखी इंधन, ते मावायला मोठी टाकी आणि टाकी पेलायला जाड पंख. एवढं झालं की झालं पुन्हा जुनं विमान तयार.

वजनबाईचं घर विमानांच्या उड्डाणाच्या वाटेखालीच होतं. रोज सकाळी ती खिडकीची चौकट फडक्याने पुसायची आणि फडकं काळं व्हायचं. नवरा म्हणायचा, बाहेर रस्ता आहे, धूळ असणारच. ती म्हणायची, ही धूळ नाही, हा माझा पगार आहे. इतकी वर्षं तिने जड विमानांच्याच बेरजा केल्या होत्या. एकदा तरी हलक्या विमानाची बेरीज करून मग निवृत्त व्हायचं, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. आराखडा मंजूर करायच्या रिव्ह्यूच्या दिवशी बेरीज वजनाच्या ठरलेल्या रेषेच्या वर गेली तर हे विमान गुंडाळायचं, जुन्यालाच नवी इंजिनं लावायची आणि शेपटीवर हिरवं पान रंगवून मोकळं व्हायचं, असं वरच्यांच्या मनात होतं. ते पान डोळ्यांपुढे आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशात त्या बिजागरीच्या कामावर कोण यावं, तर तिची नणंद.

नणंद दुसऱ्या गावी चांगल्या नोकरीत होती. एक दिवस बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, वहिनी, मी तुझ्याच कंपनीत लागले, सोमवारपासून. जुनी नोकरी सोडून तिला बरेच दिवस झाले होते, मुलाखती झाल्या होत्या, सगळं झालं होतं. पण घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. भावाला कौतुक वाटलं. वजनबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. एवढी मोठी गोष्ट जी पोटात ठेवते, ती आणखी काय काय ठेवत असेल?

तशी पोरगी गोड होती, हे कबूल करायला हवं. घरात हसतखेळत राहायची, भांडी घासायला पुढे व्हायची, वहिनीला अगदी तू-तू करून बोलायची. ऑफिसातही तिने ते सोडलं नाही. सगळ्यांसमोर ‘वहिनी, तू जेवलीस का’ म्हणायची आणि चाकवाला तोंड लपवून हसायचा. पण काम विचारलं की तिचं बोलणं एकदम आखूड व्हायचं. तिने बिजागरीचा आकडा कागदावर दिला. वजनबाई रीतीप्रमाणे टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. यातलं किती खरं, असं तिने विचारलं. नणंद म्हणाली, सगळं. वजनबाई हसली आणि वाट बघत बसली. नणंदही हसली आणि कामाला लागली. ना रडगाणं, ना घासाघीस, ना चहा.

असं वजनबाईच्या उभ्या नोकरीत झालं नव्हतं. भाजीवाली एक दाम सांगून दुसरीकडे बघायला लागली तर गिऱ्हाईकाला वाटतं, हिने चांगलाच चढवलाय. तसंच वजनबाईला वाटलं. तिने पुन्हा विचारलं, आठवड्याने विचारलं, जेवताना सहज म्हणून विचारलं. आकडा तोच. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की, फक्त किती ते कळत नव्हतं.

रिव्ह्यू जवळ आला आणि थोरल्यांनी तिला बोलावून घेतलं. बेरीज रेषेच्या वर होती. ते म्हणाले, बाई, लोकांचे हातचे काढा, नाहीतर पान रंगवायला कुणाला तरी सांगावं लागेल. मग वजनबाईने पदर खोचला. चाकवाल्याला तिने असा पिळला की त्याचे दोन्ही कान लाल झाले. खुर्चीवाल्याने इतका चहा पाजला की तिला रात्री झोप लागेना. वायरवाल्या बाईने तर डोळ्यांत पाणी आणून शेवटचा हातचा दिला आणि वर म्हणाली, आता माझ्याकडे फक्त लग्नाची अंगठी उरली आहे. सगळं गोळा झालं. तरी बेरीज रेषेच्या थोडी वरच राहिली. आणि ते जे थोडं वर होतं, ते नेमकं तेवढंच होतं, जेवढं अशा बिजागरीच्या मागे कुठलाही शहाणा माणूस लपवून ठेवेल.

घरी तिने डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. ती खोलीत आली की नणंद लॅपटॉप मिटायची. गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायची. आणि एक दिवस संध्याकाळी वजनबाई पिशव्या घेऊन आत आली तर स्वयंपाकघरात भाऊ-बहीण कुजबुजत होते. ती बूट काढत दारातच थांबली. नवरा म्हणत होता, थोडंफार तर हातात असेलच की. नणंद काहीतरी पुटपुटली. मग तिचं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं, ‘पण वहिनीला हे कळता कामा नये.’ वजनबाई आत गेली तशी दोघंही नळाबद्दल बोलायला लागली. नळ गळतो म्हणे. नळाला काहीही झालं नव्हतं, तो चांगला कोरडा ठणठणीत होता.

त्या रात्री तिला नवऱ्याचा इतका राग आला की तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मनातल्या मनात दोघांचं वजन केलं. परक्यांनी लपवलं तर तो धंदा म्हणायचा. पण घरात, आपल्याच चुलीपाशी उभं राहून? तिला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने बिजागरीपुढे स्वतःच एक कमी आकडा चढवला. कुणाला विचारलं नाही. ‘तू देत नाहीस ना, मग मी काढून घेते,’ असं ती पुटपुटली. बेरीज रेषेखाली आली, अगदी टेकून. रिव्ह्यू पार पडला. विमान विकत घेणाऱ्या कंपन्यांची माणसं खूश झाली, थोरल्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि नणंदेने सगळ्यांत जोरात वाजवल्या. हिला वाटलं, चोर तो चोर आणि वर टाळ्या वाजवतोय.

मग वस्तू खरोखर घडवायला गेल्या आणि एकेक वर्कशॉपच्या काट्यावर यायला लागली. चाकं आली, खुर्च्या आल्या, आणि वजनबाईने चढवलेल्याच्या अगदी आसपास उतरल्या. ती मान डोलवत होती. शेवटी बिजागरी आली. काट्यावर आकडा उमटला आणि वजनबाई बघतच राहिली. नणंदेने पहिल्या दिवशी कागदावर दिलेलाच आकडा होता तो. ना इकडे, ना तिकडे.

तिने काटा तपासायला लावला. दुसरा काटा आणवला. बिजागरी पुसायला लावली, कुठे तेल राहिलं असेल म्हणून. तोच आकडा. तोवर बाकीचे चहाला निघून गेले होते आणि काट्यापाशी दोघीच उरल्या होत्या. नणंदेचं लक्ष काट्यावर नव्हतंच. ती शेजारच्या स्क्रीनवर उघडलेली बेरीज बघत होती. तिच्या बिजागरीपुढे दुसराच आकडा होता, तो तिने आत्ता पहिल्यांदा पाहिला.

‘हातचा का नाही ठेवलास?’ वजनबाईने विचारलं. तिचा आवाज तिलाच चोरट्यासारखा वाटला.

नणंदेने स्क्रीनवरून नजर काढली. मग म्हणाली, ‘सगळे तुला फुगवून देतात म्हणून तुला सगळ्यांचं कापत बसावं लागतं. मला वाटलं, घरचं एक तरी माणूस असं असावं, की ज्याचं तुला कापावं लागणार नाही.’

आणि स्वयंपाकघरातलं? ते त्या दिवशी नवऱ्याने सांगितलं, तेही तिने खोदून खोदून विचारल्यावर. बायकोची झोप उडालेली त्याला बघवेना, म्हणून त्याने बहिणीपुढे हात जोडले होते, की बाई गं, थोडं कमी करून दे तिला. बहीण म्हणाली होती, दादा, यात काढण्यासारखं काहीच नाही, काढलं तर पंखाचं टोक हवेतच निघायचं. आणि तू माझ्याकडे रदबदली केलीस हे वहिनीला कळता कामा नये, तिच्या कामात घर मध्ये आणलंस म्हणून तिला वाईट वाटेल. फोन गॅलरीत व्हायचे ते बिजागरीचं पोलाद पुरवणाऱ्याला, हलकं काही मिळतंय का म्हणून, आणि वहिनीला खोटी आशा लागू नये म्हणून हळू आवाजात. वजनबाईने ऐकलं आणि ती तशीच खुर्चीत बसून राहिली. तोंडात मारल्यासारखी झाली होती तिची गत.

थोरल्यांनी बैठक बोलावली. बेरीज पुन्हा रेषेच्या वर गेली होती आणि सगळे हिशेब बिजागरीपाशी येऊन थांबत होते. त्यांनी नणंदेला उभं केलं. ती म्हणाली, मी पहिल्यापासून हाच आकडा दिला होता. थोरले हसले. पहिला आकडा सगळ्यांचाच फुगलेला असतो, तो काय मोजायचा? नंतर तू खाली आलीस, बाईंनी ते चढवलं आणि आता वस्तू जड निघाली तर तू काखा वर करतेस. नव्या माणसाला कमी आकडा कबूल करून बसायची हौस असते, आम्हीही केलंय, असं ते अगदी मायेने म्हणाले.

वजनबाई उठली.

‘ती खाली आली नव्हती,’ ती म्हणाली. ‘तो आकडा मी माझ्या मनाने लिहिला. ती खरंच बोलत होती. चूक माझी आहे.’

चाकवाला खाली बघून गालातल्या गालात हसला. वायरवालीने सुस्कारा टाकला आणि तिच्या हातावर थोपटलं. थोरल्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘बाई, घरच्या माणसासाठी एवढं करावंसं वाटतं, मी समजू शकतो. पण तुम्ही खोटा आकडा लिहिणार? तुम्ही?’

तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चढला, आणि जसजसा आवाज चढला तसतशी समोरच्यांची खात्री पटत गेली, की वहिनी नणंदेला पाठीशी घालते आहे. लोक खरं बोलत असतील असं ती स्वतः कधी धरून चालली नव्हती. तिच्याच हाताखाली ते ऑफिस तयार झालं होतं, ते कसं धरून चालणार? तिने मदतीसाठी नणंदेकडे पाहिलं. नणंद तिच्याकडे बघत होती, पण त्या बघण्यात आधार नव्हता. मी खरं सांगितलं तेव्हा हिने माझ्यावर विश्वास का ठेवला नाही, हे ती ताडून बघत होती.

वरच्यांनी आणखी एक संधी दिली. नवा रिव्ह्यू ठरला. त्याच्या आत बिजागरी नव्याने आखायची, आणि या वेळी बेरीज रेषेखाली नसेल तर विमान कायमचं बंद. नणंदेने ते काम घेतलं. त्याच आठवड्यात ती वर्कशॉपजवळ एक खोली बघून तिकडे राहायला गेली. येण्याजाण्यात वेळ जातो, असं तिने दादाला सांगितलं. भांडण काही झालं नाही. जाताना ती वहिनीच्या पाया पडायलाही वाकली, आणि वजनबाईला त्याचंच जास्त लागलं, कारण एरवी ती गळ्यात पडायची.

ऑफिसात आता सगळेजण नणंदेशी फार चांगलं वागायला लागले होते. पोरीला उगाच बोलणी बसली, असं त्यांना वाटत होतं. चाकवाला तिला शेजारी बसवून जेवायचा आणि धंद्यातल्या चार गोष्टी सांगायचा. थोरले जाता-येता म्हणायचे, शिकशील, शिकशील. वजनबाई लांबून बघायची. ते काय शिकवतात हे तिला चांगलंच ठाऊक होतं. मध्ये जाऊन ‘यांचं ऐकू नकोस’ असं सांगावंसं वाटे, पण कुठल्या तोंडाने सांगणार?

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुपारी नणंद नव्या बिजागरीचा आकडा घेऊन तिच्या टेबलापाशी आली. नवी बिजागरी अजून घडायची होती, काट्यावर यायला महिने लागणार होते. आज जो आकडा ठरेल तोच रिव्ह्यूत जाणार होता. वजनबाईने कागद पाहिला, बाकी सगळं मांडलेलंच होतं, त्यात हा मिळवला. बेरीज रेषेच्या किंचित वर गेली.

‘यातलं किती खरं?’ तिने विचारलं.

‘थोडं कमी होईल,’ नणंद म्हणाली. ‘बसा ना, बोलू आपण.’

बसा. आजवर ती ‘बस’ म्हणायची. ती खुर्ची ओढून बसली. नणंदेने आधी पोलाद मिळत नाही म्हणून सांगितलं, मग घडवणारे ऐकत नाहीत म्हणून सांगितलं, मग सुस्कारा टाकून थोडं उतरवलं. बेरीज रेषेवर येऊन टेकली. आणखी थोडं उतरलं तर विमान वाचत होतं. पण उतरवायला तिथे काही होतं का? की हाच खरा आकडा होता, आणि तो कापला तर पुन्हा मागचंच होणार होतं, आणि या वेळी शेपटीवर पान नक्की?

‘एकदाच खरं सांग,’ वजनबाई म्हणाली. ‘हातचा किती आहे? मी तुझ्यापुढे हात जोडते.’

‘तुम्हाला कळतंच की, मॅडम,’ नणंद म्हणाली. ती चिडून बोलली नाही. चाकवाला जितक्या सहज बोलतो, तितक्याच सहज बोलली.

वजनबाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाकीच्यांचं खोटं तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं, त्यांचे कान, त्यांचा चहा, त्यांचं रडणं तिला पाठ होतं. या मुलीकडून तिने आजवर एकच आकडा घेतला होता आणि तो खरा होता. हिचं खोटं कसं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. नणंद समोर शांतपणे वाट बघत बसली होती, आणि वजनबाईला बेरीज करता येईना.